भूक नसलेला मासा

पत्र: मी बडोद्यात, रावपुऱ्यात राहतो. वय ६३. मुलगी आणि जावई कॅनडात व्हँकुव्हरजवळ स्थायिक आहेत, आणि यंदा नवरात्र आटोपल्यावर आम्ही उभयता दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे जात आहोत. चिलिवॅक गावाजवळच्या व्हेडर नदीवर काठावरून सॅमन धरायला मला घेऊन जायचे, असे जावईबापूंनी ठरवून टाकले आहे. शाळकरी वयात फाजलपूरला महीच्या काठी वेळूच्या काठीला गांडूळ लावून शिंगाळे धरले, त्यापलीकडे माझा अनुभव नाही. तिथे परवाना लागतो का, सोबत काय न्यावे, आणि जावयासमोर फजिती होऊ नये म्हणून काय शिकून जावे? शिवाय सौभाग्यवतींचा आक्षेप असा की, अंडी घालायला निघालेला मासा मारणे हे पाप आहे. मला उत्तर सुचले नाही. – एक वाचक, रावपुरा

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

परवान्याचे आणि सामानाचे पुढे सांगतोच. परंतु त्याआधी महीच्या काठी शिकलेली एक गोष्ट तुम्हाला विसरावी लागेल. मासा भुकेला असतो आणि आमिषाचा वास लागला की तो आपणहून येतो, हे आपण लहानपणापासून धरून चालतो. म्हणून गळ टाकायचा, काठी दोन दगडांत खोचायची आणि शेंगा सोलत बसायचे. समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन मात्र जवळजवळ खातच नाही. त्याचे पोट आक्रसत जाते आणि समुद्रात साठवलेल्या चरबीवर तो उरलेला सगळा प्रवास करतो. तरीही तो आमिषाला तोंड का लावतो, तर कधी जुन्या सवयीने, कधी चिडून आणि कधी आपल्या जागेत काहीतरी घुसले म्हणून. या तिन्ही कारणांसाठी तो हातभर बाजूला सरकेल, दहा हात पोहून येणार नाही. तेव्हा आमिष त्याच्या तोंडासमोरून, तो आहे त्याच खोलीवरून आणि पाणी वाहते आहे त्याच गतीने न्यावे लागते. काठावरच्या सॅमन-मासेमारीतली बहुतेक सगळी कसब आणि बहुतेक सगळे सामान एवढ्या एका कामासाठी आहे.

हा मासा म्हणजे आपला रावस नव्हे, हेही येथेच सांगून टाकतो. बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण त्या दोघांचे काहीही नाते नाही. तिकडच्या नद्यांत पॅसिफिक सॅमनच्या पाच जाती येतात: चिनूक, कोहो, सॉकआय, पिंक आणि चम. यांतला पिंक फ्रेझर नदीत आणि तिच्या उपनद्यांत मुख्यतः विषम वर्षी येतो. तुम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर पोहोचाल, तेव्हा व्हेडरमध्ये कोहो आणि चम असतील आणि चिनूकचा हंगाम उतरणीला लागलेला असेल. गोड्या पाण्यात जन्मून समुद्रात वाढणारा आणि प्रौढ झाल्यावर आपल्याच जन्मनदीचा वास ओळखून परत येणारा हा मासा आहे. भरूचच्या खाली भाडभूतकडे पावसाळ्यात समुद्रातून नर्मदेत चढणारा हिलसा तुम्ही ऐकून असाल, कदाचित खाल्लाही असेल. नदीत चढण्याची रीत तीच. फरक इतकाच की हिलसा अंडी घालून समुद्रात परतू शकतो आणि पॅसिफिक सॅमन अंडी घातल्यावर काही दिवसांतच मरतो. सौभाग्यवतींच्या प्रश्नाकडे जाताना हा फरक लक्षात ठेवावा.

आता नदी. माझा भाचा त्याच परिसरात राहतो, त्यामुळे मी व्हेडरवर तीन हंगाम थोडाथोडा काळ उभा राहिलो आहे, आणि पहिल्या दिवशीची माझी चूक तुम्ही करू नये म्हणून सांगतो. काठावर पोहोचताच मी मांडीपर्यंत पाण्यात शिरलो आणि सारी शक्ती लावून नदीच्या मधोमध गळ फेकू लागलो, कारण मोठा मासा मोठ्या पाण्यात असणार अशी माझी समजूत होती. तासाभराने पलीकडच्या काठावरच्या एका वृद्ध गृहस्थांनी पाय न भिजवता, स्वतःच्या पुढ्यात पंधरा फुटांवरून मासा काढला. माझ्या काठाला तसेच पाणी जिथे होते, नेमका तिथे मी उभा होतो. वर चढणारा मासा शक्ती वाचवत जातो. धावत्या प्रवाहाच्या मध्यावर तो झगडत बसत नाही. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जाते, त्या शिवणीच्या संथ बाजूला तो विसावतो. वळणाच्या आतल्या अंगाला, डोहाच्या शेपटीकडे, मोठ्या दगडाच्या किंवा पडलेल्या झाडाच्या आडोशाला पाहावे. पाणी चालत्या माणसाच्या गतीने वाहत असेल, खोली कमरेपासून पुरुषभर असेल आणि तळाशी गोटे असतील, तर त्या जागेवर तासभर द्यायला हरकत नाही. पहिले दहा-बारा गळ काठाजवळ टाकावेत, मग हळूहळू पुढे सरकावे, आणि शक्यतो पाण्यात शिरूच नये.

पाण्याचा रंगही पाहावा लागतो. पाऊस पडून गेल्यावर नदी गढूळ होते आणि तेव्हा काहीच दिसत नाही, माशालाही नाही. पाणी उतरू लागून त्याला हिरवट झाक येते आणि दोन-तीन फुटांपर्यंतचे दिसू लागते, तो दिवस साधायचा. पावसाच्या वाढलेल्या पाण्याबरोबर नवे मासे समुद्राकडून वर आलेले असतात आणि नितळ पाण्यात येतो तसा बुजरेपणा त्यांच्यात अजून आलेला नसतो. जावयाच्या सुट्टीचा दिवस आणि नदीचा दिवस एकच येईल असे नाही. जमत असेल तर सुट्टीच नदीकडे पाहून घ्यायला सांगावे.

सामान येथून काहीही नेऊ नका. काठी, रीळ वगैरे जावयाकडे असेलच, आणि बडोद्यात मिळणाऱ्या काठीचा तिथे उपयोगही होणार नाही. साधारण दहा फुटांची काठी, साधे फिरकीचे रीळ आणि पंधरा-वीस पौंडांचा ताण सोसणारा तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, इतके पुरते. मुख्य तंगुसावर वर-खाली सरकवता येणारा, पाण्यावर तरंगणारा फ्लोट, त्याखाली शिसे, मग फिरकीची कडी, आणि तिच्याखाली मुख्य तंगुसाहून कमी ताकदीचा दीड-दोन फुटांचा तुकडा व हुक, अशी ती मांडणी असते. खालचा तुकडा मुद्दाम कमजोर ठेवतात, म्हणजे हुक तळाच्या लाकडात अडकला तर तेवढाच तुटतो आणि फ्लोट वाचतो. हुक एकच आणि बिनकाट्याचा हवा. टोकामागचा जो उलटा काटा माशाला सुटू देत नाही, तो ब्रिटिश कोलंबियाच्या, म्हणजे व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्याच्या, नद्यांत चालत नाही. हुक तसा नसेल तर पक्कडीने काटा चेपून सपाट करायचा. आमिष म्हणून तिथे मिठात आणि साखरेत मुरवून गुलाबी रंगवलेली सॅमनचीच अंडी लावतात. होय, गाभोळी. ते पाहून मला प्रथम जो धक्का बसला, तो तुम्हालाही बसेल.

फ्लोट किती खोल लावायचा हा पहिल्या दिवसाचा खरा अभ्यास आहे. मासे तळालगत असतात, म्हणून आमिष तळापासून वीतभर ते फूटभर वर राहिले पाहिजे. सुरुवातीला अंदाजाने लावून एक फेरा पाहावा. फ्लोट ताठ उभा राहून पाण्याबरोबर निर्वेध वाहत गेला, तर आमिष बहुधा फार वर आहे; तेव्हा एकेक वीत खाली न्यावे. तो वारंवार अडखळू लागला आणि प्रवाहाच्या खालच्या दिशेला कलू लागला, म्हणजे शिसे तळाला घासते आहे. तेव्हा वीतभर वर घ्यावे. मग गळ स्वतःच्या किंचित वरच्या अंगाला टाकावा आणि काठीचे टोक उंच धरून, काठी व फ्लोट यांमधला तंगूस शक्यतो पाण्याला लागू देऊ नये. तंगुसाचा पोटवळा, म्हणजे सैल झोळ, पाण्यावर पडला की प्रवाह तो ओढतो, फ्लोट पाण्याहून वेगाने धावू लागतो आणि मासा त्या धावत्या आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही. पोटवळा पडलाच तर काठीच्या टोकाने तो अलगद उचलून वरच्या बाजूला टाकावा. हे मनगटाला उमगायला मला दोन दिवस लागले. फ्लोट बुडाला, थबकला किंवा नुसता कचरला, तरी काठी झटक्याने वर घ्यायची. दहापैकी आठ वेळा तो दगड असतो, पण कोणत्या वेळी नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही.

फजितीची तुमची भीती मासा न मिळण्याविषयी असेल, तर ती सोडून द्या. मासा न मिळालेले लोक तिथे रोज शेकड्यांनी असतात. लोकांचा रोष मात्र शेजारधर्म मोडणाऱ्यावर होतो. हंगामात व्हेडरच्या चांगल्या जागी दोन-तीन काठ्यांच्या अंतराने माणसे उभी असतात. मधल्या जागेत शिरण्याआधी दोन्ही बाजूंच्या माणसांना विचारावे. गळ सगळ्यांबरोबर तालात टाकावा, म्हणजे वरच्या माणसाचा फ्लोट वाहत खाली जातो त्यामागोमाग आपला जातो आणि गुंता होत नाही. टिपऱ्यांच्या फेरात ज्याला आपली पाळी कळते, त्याला हे सांगावे लागणार नाही. कुणी ‘फिश ऑन’, म्हणजे ‘मासा लागला’, असे ओरडले की शेजाऱ्यांनी आपापला तंगूस लगेच गुंडाळून त्याला वाट करून द्यायची असते. तुमच्या गळाला मासा लागला तर तुम्हीही ओरडा. संकोच करू नका. गप्प राहणेच तिथे असभ्यपणाचे ठरते.

मासा लागल्यावर काय करायचे, हे वाचून फारसे येत नाही. एकच गोष्ट आधी करून ठेवावी: रिळाचा ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की तंगूस आपोआप सुटू देणारी कळ, तंगुसाच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर बसवून घ्यावी. मासा पळत असताना रीळ फिरवू नये, तो थांबला की फिरवावे. कोहो काठाशी येऊन दमल्यासारखा आडवा होतो आणि जाळी दिसताच शेवटची धाव घेतो. अनेकांचा मासा तिथेच सुटतो. हुक बिनकाट्याचा असल्यामुळे तंगूस क्षणभरही सैल सोडून चालत नाही.

मासा जवळ आला की आनंद करण्याआधी त्याची पाठ पाहावी. पाठीवरच्या मोठ्या परामागे, शेपटीच्या अलीकडे, सॅमनला एक छोटा, बिनकाट्याचा, मांसल पर असतो. उबवणी केंद्रात वाढवलेल्या कोहोच्या पिलांचा हा पर नदीत सोडण्याआधी कापून टाकतात. व्हेडरच्या वरच्या अंगाला असे सरकारी केंद्र आहे, आणि तुम्हाला भेटणारे बरेचसे कोहो तिथलेच असतील. पर नसून त्या जागी भरलेली खूण असेल तर तो मासा ठेवता येतो. पर शाबूत असेल तर तो नैसर्गिक कोहो आहे आणि त्याला सोडावेच लागते. दुसऱ्या वर्षी मला माझा पहिला मोठा कोहो मिळाला. मी तो गोट्यांवर ओढून आणला, भाच्याला हाक मारली, फोटोसाठी उभा राहिलो, आणि भाचा आल्यावर त्याने बोटाने तो पर दाखवला. मासा तोवर दोन-तीन मिनिटे कोरड्यावर तडफडत होता. आम्ही तो पाण्यात धरून ठेवला, कल्ले हलू लागल्यावर तो गेला. पण तो वरपर्यंत पोहोचला असेल का, हे मला आजही सांगता येत नाही. म्हणून मासा पाण्यातच ठेवून पर पाहावा. सोडायचा असेल तर त्याला बाहेर काढूच नये, कल्ल्यांत बोटे घालू नयेत, पक्कडीने हुक काढावा, आणि तो आपल्या बळाने निघेपर्यंत प्रवाहाकडे तोंड करून शेपटीच्या देठाशी सैल धरून ठेवावा. हुक तोंडाऐवजी पाठीत किंवा पोटात रुतला असेल तर मासा कोणताही असो, सोडायचा असतो.

सौभाग्यवतींना सांगावे की त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि तिथला कायदाही त्या अर्ध्यापुरता त्यांच्याच बाजूने आहे. केंद्रात वाढवलेला कोहो मुळात पकडला जावा म्हणूनच बव्हंशी सोडलेला असतो, आणि अंडी घातल्यावर तो तसाही मरणार असतो. त्याला धरल्याने पुढच्या वर्षीचा मासा कमी होतो असे सहसा म्हणता येत नाही. नैसर्गिक माशाची गोष्ट वेगळी. हजारो अंड्यांतून मोजके मासे समुद्र पाहून परततात, आणि परतलेली प्रत्येक मादी नदीची पुंजी असते. अंडी घालून मेलेले मासेही वाया जात नाहीत. गरुड आणि अस्वले त्यांवर जगतात आणि उरलेले काठच्या झाडांच्या मुळांना मिळते. केंद्रांचे मासे सोडल्याने नैसर्गिक माशांचे नुकसान होते, असे मानणारे जाणकारही तिथे आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला झटकून टाकण्याजोगे वाटत नाही. मी स्वतः दिवसाला एक खुणेचा मासा ठेवतो आणि मग काठी आवरतो. उथळ पाण्यात गोट्यांचा एखादा पट्टा भोवतालच्या तळापेक्षा उजळ, नुकताच धुतल्यासारखा दिसला, तर तिथे पाय ठेवू नये. मादीने शेपटीने गोटे उलथून तिथे अंडी पुरलेली असतात. त्या पट्ट्यावरून चालणे हे गळाने मासा धरण्यापेक्षा मोठे पाप आहे, आणि पुष्कळ सज्जन ते नकळत करतात.

परवाना लागतो, पाहुण्यालाही लागतो. १६ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना घ्यावा लागतो, आणि सॅमन ठेवायचा असेल तर त्यावर सॅमनसाठीचा अधिभार वेगळा भरावा लागतो. परदेशी पाहुण्यांसाठी एक दिवसाचा, आठ दिवसांचा आणि वर्षाचा असे प्रकार आहेत; तुम्हाला आठ दिवसांचा पुरेल. तो ऑनलाइन निघतो आणि नदीवर जवळ बाळगायचा असतो. कोणत्या जातीचे किती मासे ठेवता येतील, नदीचा कोणता भाग खुला आहे, हे मत्स्यखाते हंगामातही बदलते. म्हणून निघण्याच्या दिवशी सकाळी जावयाने त्यांच्या संकेतस्थळावरची सूचना पाहिलीच पाहिजे, गेल्या आठवड्यातली चालणार नाही. एका माणसाला एकच काठी. घरी पोहोचेपर्यंत मासा असा कापू नये की त्याची जात आणि पराची खूण ओळखता येणार नाही. वाटेत फ्रेझर नदीवर कुणी जाळी टाकून सॅमन काढताना दिसले, तर ‘यांना बरी परवानगी’ असे म्हणू नका. ते बहुधा तिथले मूळ रहिवासी असतील. अन्नासाठी आणि परंपरेसाठी मासे धरण्याचा त्यांचा हक्क कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्पॅरो खटल्यात मान्य केला आहे, आणि तो तुमच्या-आमच्या हौसेच्या आधी येतो.

कपड्यांत सुती बनियन नको. ओले झाले की ते अंगाला थंडी धरून ठेवते. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे आतले कपडे आणि वर पाऊस अडवणारे जाकीट घ्यावे. पोलराइज्ड चष्मा अवश्य घ्यावा. त्याने पाण्यावरची चकाकी जाऊन तळ दिसतो, आणि शेजाऱ्याचा उडालेला हुक डोळ्यात जात नाही. वेडर्स, म्हणजे पाण्यात उभे राहण्यासाठीची बुटांसकट जलरोधक विजार, घातले तर कमरेचा पट्टा घट्ट आवळावा, कारण पडल्यावर त्यांत पाणी शिरते आणि उठता येत नाही. विश्वामित्रीच्या काठी आपण मगरीच्या भीतीने पाय जपतो. तिथे मगर नाही, पण शेवाळलेले गोटे आणि अंग बधिर करणारे थंड पाणी यांची भीती तेवढीच धरावी. गुडघ्याच्या वर पाणी नको, हा आपल्या वयाचा नियम समजावा. मेलेल्या माशांवर अस्वले येतात, म्हणून झुडपांतून जाताना मोठ्याने बोलत जावे. सासरे-जावई यांना त्यासाठी विषय कमी पडू नयेत.

आणखी एक गोष्ट, तुम्ही विचारलेली नसली तरी. आपल्याकडे जावयाला पाटावर बसवायची रीत. त्याच्याकडून शिकायला, चुकल्यावर त्याचे ऐकून घ्यायला सासऱ्याला अवघड जाते. नदीवर त्याला मोकळेपणाने सांगू द्या. पहिल्या दोन तासांत त्याने तुमच्या हातातली काठी तीनदा घेतली, तर परत मागू नका. तो तंगूस कसा उचलतो ते पाहा.

मासा मिळाला तर लगेच डोक्यावर घाव घालून मारावा, कल्ल्यांतून रक्त जाऊ द्यावे आणि थंड पेटीत बर्फावर ठेवावा. चिंचेच्या कालवणात कोहो छान लागतो, फक्त तुकडे सर्वांत शेवटी सोडावेत, कारण तो फार लवकर शिजतो. मादी असेल तर पोटात गाभोळी निघेल आणि जावई ती आमिषासाठी बाजूला काढून ठेवील. दोन पिशव्यांपैकी एक स्वयंपाकघरासाठी मागून घ्या. दाणे आपल्या गाभोळीपेक्षा बरेच मोठे असतात आणि तापल्या तेलात फुटून उडतात, तेव्हा हळद, मीठ, तिखट लावून, रव्यात घोळवून, मंद आचेवर झाकण ठेवून तळायला सौभाग्यवतींना सांगा.